एक पगार, एक पान

आमच्या घरात महिन्याला दोन पगार येतात आणि ते दोन वेगळ्या तारखांना येतात. माझा पगार महिन्याच्या अखेरच्या दिवशी जमा होतो. नवऱ्याची कंपनी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आहे आणि तिथला पगार पुढच्या महिन्याच्या सात ते दहा तारखेच्या दरम्यान केव्हातरी होतो. लग्नानंतर कितीतरी वर्षे आम्ही या दोन रकमांची मनातल्या मनात बेरीज करून "आपल्याकडे महिन्याला पासष्ट हजार येतात" असे म्हणत होतो; परंतु ते पासष्ट हजार कोणत्याही एका दिवशी आमच्या हातात नसतात, ही साधी गोष्ट लक्षात यायला 2023 सालचा जून उजाडावा लागला.

त्या जूनमध्ये दोन्ही मुलांच्या फीचा पहिला हप्ता, वह्या-पुस्तके, गणवेश आणि बूट असे मिळून तीस हजार रुपये मी दोन तारखेपर्यंत भरून मोकळी झाले होते. गृहकर्जाचा 14,800 रुपयांचा हप्ता तेव्हा पाच तारखेला कापला जात असे. नवऱ्याचा पगार आठ तारखेला झाला. पाच तारखेला खात्यात साधारण तीन हजार रुपये कमी होते, हप्ता परत गेला आणि बँकेने 500 रुपये दंड व त्यावर 18 टक्के जीएसटी असे 590 रुपये कापून घेतले. रक्कम मोठी नव्हती. पण दोघे कमावते असताना तीन दिवसांसाठी तीन हजार रुपये कमी पडावेत, याची मला लाज वाटली आणि त्याहून अधिक आश्चर्य वाटले, कारण कपाटात माझ्याच अक्षरातले त्या वर्षाचे बजेट होते आणि त्यात जमा आणि खर्च यांची तोंडमिळवणी अगदी चोख झालेली होती.

त्या बजेटचा दोष बेरजेत नव्हता. त्यात तारखा नव्हत्या. महिना हा एक मोठा हंडा आहे, त्यात सगळे पैसे एकदम पडतात आणि मग लागतील तसे काढायचे, अशा समजुतीवर तो कागद उभा होता. शिवाय तो "सर्वसाधारण" महिन्याचा होता. आणि वर्षभर बारकाईने पाहिल्यावर माझी खात्री झाली आहे की सर्वसाधारण महिना नावाची गोष्ट कोणत्याही घरात नसते. जानेवारीत विम्याचा हप्ता असतो, एप्रिलमध्ये वर्षाचे गहू भरायचे असतात, मेमध्ये लग्ने असतात, जूनमध्ये शाळा असते, पुढे गणपती, दिवाळी. हे प्रत्येक खर्च आम्ही "या महिन्यात जरा अचानक आले" असे म्हणून दरवर्षी त्याच महिन्यात सोसत होतो.

म्हणून मी महिन्याचे बजेट करणे सोडून दिले आणि पगाराचे बजेट करू लागले. प्रत्येक पगाराला वहीतले एक पान. पगार जमा होण्याच्या आदल्या संध्याकाळी ते पान लिहायचे आणि त्यावर एवढ्याच प्रश्नाचे उत्तर द्यायचे की या पैशांनी पुढचा पगार येईपर्यंत कोणकोणती कामे करायची आहेत. दुसऱ्या पगाराची कामे या पानावर येता कामा नयेत. त्यासाठी सगळ्यात आधी करावी लागलेली गोष्ट वहीत नव्हे, बँकेत होती: अर्ज देऊन गृहकर्जाच्या हप्त्याची तारीख पाचऐवजी दहा करून घेतली. आमच्या बँकेने ते मान्य केले. हे आधी सुचले असते तर 590 रुपये वाचले असते, असे नवरा अजूनही अधूनमधून सुनावतो.

आता आकडे सांगते. हे सगळे आकडे डिसेंबर 2023 चे आहेत, कारण ही पद्धत आम्ही तेव्हा सुरू केली. त्यानंतर पगार थोडे वाढले आणि खर्चही त्यांच्या मागोमाग वाढले, पण मांडणी बदललेली नाही.

पानाच्या डोक्यावर हातात पडणारा पगार लिहायचा, कागदोपत्रीचा नव्हे. माझा एकूण पगार 28,000 होता. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे 1,800 आणि व्यवसाय कराचे 200 वजा जाऊन 26,000 हाती येत. (महाराष्ट्रात एप्रिल 2023 पासून दरमहा 25,000 पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर माफ आहे. माझा पगार त्या रेषेच्या जेमतेम पलीकडे होता. हा कर 1975 साली रोजगार हमी योजनेसाठी सुरू झाला, हे आठवले की ते दोनशे रुपये गेल्याचे फारसे वाईट वाटत नाही.) नवऱ्याच्या 44,040 मधून निधीचे 2,640, व्यवसाय कर 200, कंपनीच्या पतसंस्थेची वर्गणी 1,000 आणि कँटीनचे 600 कापले जाऊन 39,600 उरत. भविष्य निर्वाह निधी बजेटमध्ये खर्चायला मिळत नाही, म्हणून तो पानावर येत नाही. परंतु पानाच्या कोपऱ्यात मी तो पेन्सिलीने लिहिते, कारण दोघांचे मिळून दरमहा 4,440 रुपये तिकडे साठत असतात, मालक तेवढीच भर घालतो आणि त्यातला काही भाग निवृत्तिवेतन योजनेत जातो. "आपली काहीच बचत होत नाही" असे रडगाणे सुरू झाले की तो कोपरा उपयोगी पडतो.

माझ्या पगाराच्या पानावर घर चालवण्याची कामे आली: सोसायटीची देखभाल 1,600, किराणा 8,000, दूध 2,800, भाजी आणि फळे 4,800, धुणीभांडी करणाऱ्या मावशींचे 1,800, मुलांची रिक्षा 2,400, माझा बसचा प्रवास 900. गॅसचा एक सिलिंडर आमच्याकडे महिन्याहून थोडा जास्त पुरतो, म्हणून त्यासाठी सिलिंडरची पूर्ण किंमत न धरता 750 बाजूला ठेवायचे ठरले. बाहेर खाण्यासाठी 1,000, वर्तमानपत्राचे 250, माझा हातखर्च 1,200 आणि किरकोळ म्हणून 500. बेरीज 26,000. एक रुपयाही "बघू" म्हणून मोकळा ठेवलेला नाही. किरकोळ या नावाचे पाचशे रुपये तेवढे मोकळे, पण त्यांनाही नाव आहे.

नवऱ्याच्या पानावर तारखेची आणि बंधनाची कामे आली. गृहकर्जाचा हप्ता, वीज, पेट्रोल, मुलीची शिकवणी, सासूबाईंची औषधे, मोबाइल आणि इंटरनेट, बँकेतली 3,000 ची आवर्ती ठेव, त्याचा हातखर्च 1,200, किरकोळ 1,000. आणि या सगळ्यांहून महत्त्वाची 10,700 रुपयांची एक ओळ, जिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

विजेसाठी 1,500 ही सरासरी आहे. महावितरणचे दर टप्प्यांनी चढतात: शंभर युनिटांपर्यंत एक दर, 101 ते 300 दुसरा, त्यापुढे आणखी चढे. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पंखे आणि कूलर दिवसरात्र चालू झाले की बिल वापराच्या मानाने अधिक वेगाने वाढते. हिवाळ्यात हजाराच्या आसपास बिल आले तरी मी 1,500 च लिहिते आणि उरलेले पैसे खात्यात तसेच राहू देते. ते मेमध्ये आपोआप कामी येतात. मोबाइलचाही असाच एक लहानसा सापळा आहे. 28 दिवसांचे रिचार्ज म्हणजे महिन्याचे रिचार्ज, असे आपण धरून चालतो. पण वर्षाच्या 365 दिवसांना 28 ने भागले तर तेरा येतात. म्हणजे वर्षातून तेरा वेळा पैसे भरावे लागतात आणि तो तेरावा भरणा कोणत्याच महिन्याच्या बजेटात नसतो.

आता ती 10,700 ची ओळ.

डिसेंबर 2023 मधल्या एका रविवारी आम्ही दोघे मागच्या वर्षाचे बँकेचे उतारे आणि पावत्या घेऊन बसलो आणि वर्षातून एकदा किंवा दोनदाच येणाऱ्या खर्चांची यादी केली. फीचे दोन हप्ते मिळून 42,000. शाळेच्या सुरुवातीची खरेदी 9,000. आयुर्विमा 14,200, आरोग्य विमा 19,600. दुचाकीचा विमा आणि सर्व्हिसिंग 4,200. घरपट्टी 3,800. गणपती 5,000. दिवाळीचे कपडे, फराळ आणि मावशींची दिवाळी मिळून 14,000. लग्नामुंजींचे आहेर 5,600. आणि उन्हाळ्यातला तो खास आपल्याकडचा खर्च: वर्षाचे गहू, तांदूळ, तूरडाळ, मिरची-मसाला आणि पापड-कुरडयांचे सामान, 11,000. बेरीज 1,28,400 झाली. नवरा बराच वेळ तो आकडा पाहत राहिला. "म्हणजे आपले जवळजवळ दोन पगार असेच जातात," तो म्हणाला. दोन पगार म्हणजे दोघांचे दोन महिने; आणि गंमत म्हणजे यातला एकही खर्च चैनीचा नव्हता, एकही अनपेक्षित नव्हता.

बाराने भागले की 10,700 होतात. नवऱ्याचा पगार झाला की त्याच दिवशी ही रक्कम माझ्या एका जुन्या बचत खात्यात जाते. त्या खात्याचे एटीएम कार्ड मी परत केले आहे आणि ते फोनवरच्या कोणत्याही यूपीआयला जोडलेले नाही. पैसे काढायचे तर बँकेत जावे लागते. घरात त्याला "वर्षाचा डबा" म्हणतात. सासूबाईंनी त्यांच्या संसारात खरेच डबे केले होते, दुधाचा वेगळा, किराण्याचा वेगळा, फीचा वेगळा. आणि त्या स्वतःच सांगतात की महिनाअखेरीस फीच्या डब्यातून दुधाच्या डब्यात "उसने" जात असत, ते परत येत नसत. म्हणून डबा हाताला लागणार नाही असा हवा.

डबा सुरू करताना एक गोष्ट मात्र आधी तपासावी, जी मी योगायोगाने तपासली. वर्षाचा बारावा हिस्सा ठेवला म्हणजे झाले, असे नसते; कारण तुम्ही कोणत्या महिन्यात सुरुवात करता यावर पुढे पैसे वेळेवर पुरतील की नाही, हे ठरते. आम्ही डिसेंबरमध्ये सुरुवात केली. जानेवारीत डब्यात 21,400 झाले आणि त्यातले 19,600 आरोग्य विम्याला गेले, शिल्लक 1,800. मग फेब्रुवारी पूर्ण मोकळा, मार्चमध्ये दुचाकी, एप्रिलमध्ये धान्य, मेमध्ये घरपट्टी आणि आहेर. मेअखेर डब्यात 20,000 होते. जूनचे 10,700 पडले आणि शाळेचे 30,000 गेले. उरले 700. पण कोणाकडे हात पसरावा लागला नाही, आणि गृहकर्जाचा हप्ता दहा तारखेला निमूट गेला. हीच सुरुवात आम्ही मेमध्ये केली असती, तर जूनमध्ये डब्यात बारा हजार असते आणि तीस हजार द्यायचे असते. आणि ती तूट मध्ये कमी होऊनही नोव्हेंबरच्या फीला पुन्हा 18,700 वर पोहोचली असती. म्हणजे मेमध्ये सुरुवात करणाऱ्याने आधी एकोणीस हजारांचे बियाणे डब्यात टाकायला हवे. म्हणून यादीपुढे महिने लिहावेत आणि बारा महिन्यांची शिल्लक एकदा शेवटपर्यंत मांडून पाहावी. वीस मिनिटांचे काम आहे. जिथे ती शून्याखाली सर्वांत खोल जाते, तेवढे बियाणे लागते. दिवाळीला नवऱ्याची कंपनी सानुग्रह रक्कम देते, ती मी बजेटात कुठेच धरत नाही. ज्यांना बियाणे हवे आहे, त्यांच्यासाठी अशी रक्कम उत्तम.

डब्यातले आकडे दर डिसेंबरला नव्याने मांडावे लागतात. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यांवरचा 18 टक्के जीएसटी शून्य झाला, तेव्हा मी मोठ्या आनंदाने ती ओळ कमी करायला बसले होते. परंतु नवऱ्याचे वय पुढच्या टप्प्यात गेल्यामुळे मूळ हप्ताच वाढला आणि बेरीज जवळपास होती तिथेच राहिली. आनंद वहीतच राहिला.

रोजच्या खर्चाच्या नोंदींबद्दल माझे मत जरा वेगळे आहे. प्रत्येक चहा आणि प्रत्येक कोथिंबिरीची जुडी लिहून ठेवणारे लोक मला आदरणीय वाटतात, पण तसे वागणे मला दोन आठवड्यांपेक्षा जास्त कधीच जमले नाही. आता रविवारी संध्याकाळी मी फोनवरचे यूपीआयचे व्यवहार उघडते आणि पानावर "ठरलेले" या रकान्याशेजारी "झालेले" लिहिते, तेही फक्त किराणा, भाजी, पेट्रोल आणि बाहेरचे खाणे या चारच ओळींसाठी. कारण हप्ता, फी, देखभाल हे आकडे माझ्या लिहिण्याने बदलणार नसतात, बदलू शकतात ते हे चार. भाजीची रक्कम मी आठवड्यांत वाटून ठेवते. 2024 च्या सुरुवातीला लसूण किलोला चारशे रुपयांवर गेला होता, तेव्हा या आठवड्याच्या हिशेबाची खरी परीक्षा झाली. मी भाजीची रक्कम वाढवली नाही. लसूण पावशेराऐवजी छटाकभर आणला, फळांमध्ये सफरचंदांच्या जागी पेरू आले आणि आमटीची फोडणी काही आठवडे हिंगावर भागवली. मुलाने तक्रार केली. सासूबाईंनी केली नाही, त्यांना लसूण तसाही चालत नाही.

सुरुवातीला काटकसरीचा विषय निघाला की आमचे बोट नेहमी खाण्यावर पडायचे. म्हणून एकदा मी ताळा करून पाहिला. केंद्र सरकारच्या 2023-24 च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात शहरी भागात माणशी मासिक खर्चातला सुमारे 40 टक्के वाटा खाण्यापिण्याचा आढळला आहे. आमचा किराणा, दूध, भाजी, बाहेरचे खाणे आणि वर्षाच्या धान्याचा बारावा हिस्सा मिळून साधारण 17,500 होतात. गृहकर्ज आणि ठेव सोडून उरलेल्या खर्चात ते 37 टक्क्यांच्या आसपास बसतात. म्हणजे आमचे घर खाण्यावर उधळपट्टी करत नव्हते, आणि मुलांच्या फळांवर कात्री चालवून काही साधणारही नव्हते. गळती वेळेच्या गणितात होती. त्याच ओघात हेही सांगते, की निम्मा पगार गरजांना, तीस टक्के आवडीनिवडींना आणि वीस टक्के बचतीला हा सर्वत्र सांगितला जाणारा नियम आम्ही लावून पाहिला होता. पाच माणसे, गृहकर्ज आणि दोन फिया असलेल्या घरात गरजाच निम्म्या पगाराच्या कितीतरी पुढे धावतात. तो नियम पाळता येत नाही म्हणून स्वतःला बेशिस्त समजण्यात माझे दोन महिने वाया गेले.

हातखर्चाची ओळ मात्र कितीही ओढाताण झाली तरी पुसू नये, असे मला वाटते. दोघांना सारखी रक्कम आणि तिचा हिशेब कोणी कोणाला मागायचा नाही. आधी नवरा मित्रांबरोबर मिसळ खाऊन आला की किती झाले, हे मी विचारायचे आणि मी एखादा कुर्ता घेतला की त्याची किंमत दोनशेने कमी करून सांगायचे. आता दोन्ही बंद झाले आहे.

सगळे सुरळीत झाले, असे मात्र नाही. 2024 च्या पावसाळ्यात सासूबाईंच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करावी लागली. विम्याने बराच भाग दिला, पण उरलेले 11,000 आमच्या खिशातून गेले. वर्षाच्या डब्यात तेव्हा पैसे होते आणि हात तिकडेच वळत होता. पण ते पैसे दिवाळीचे आणि फीचे होते, म्हणून आवर्ती ठेव मोडली. ठेव मोडताना थोडे व्याज बुडाले. त्यानंतर दिवाळीची सानुग्रह रक्कम आली ती पूर्ण वेगळ्या मुदत ठेवीत टाकली, आजारपण आणि नोकरीतली अडचण एवढ्यासाठीच. तीन महिन्यांचा खर्च तिथे साठवायचा विचार आहे. अजून दीड महिन्याचाही झालेला नाही.

परवा फेब्रुवारीअखेरच्या पगाराचे पान लिहिले. व्यवसाय कर वर्षाला 2,500 व्हावा म्हणून फेब्रुवारीच्या पगारातून 200 ऐवजी 300 कापतात, त्यामुळे आमच्या दोन्ही पानांच्या डोक्यावरचा आकडा शंभराने कमी असतो. माझ्या पानावर ते भरून निघाले, कारण दूधवाल्यांचे बिल अठ्ठावीस दिवसांचे होते. रोजच्या दीड लिटरच्या हिशेबाने एकतीस दिवसांच्या महिन्यापेक्षा साडेचार लिटर दूध कमी. नवऱ्याच्या पानावर असे भरून निघणारे काही नाही. त्याचे पान तो स्वतः लिहितो. रविवारी रकाने भरताना मी पाहिले, तर हप्ता, वीज, औषधे, डबा सगळे जसेच्या तसे होते आणि त्याच्या हातखर्चाच्या ओळीत शंभर रुपये कमी लिहिलेले होते.